सत्काराची खुर्ची

“बस गो पोरी. शिमग्यात पालखी नाचवणारी मानसं आमी. तुजी खुर्ची हलायची नाय,” भागोजी शिपाई म्हणाला आणि त्याने खुर्चीच्या पाठीला अबोलीच्या फुलांचा वळेसर बांधला.

राही जिन्याच्या पायथ्याशी कुबड्यांवर उभी होती. शेजारी तिचे अर्थशास्त्राचे पालशेतकर सर. १९८१ साल, अपंग वर्ष. त्यानिमित्त कॉलेजने राहीचा सत्कार ठेवला होता, आणि तो वरच्या मजल्यावर! या लोकांपुढे डोकं तरी किती फोडायचं, असं सरांना झालं.

जयगडच्या मच्छीमाराची ही मुलगी. पोलिओने पाय गेलेले. पहिल्या दिवसापासून भागोजी आणि सखाराम हे दोघे शिपाई तिला खुर्चीत बसवून वर्गात नेत. भागोजीची माया खरी होती. पण मागून टारगट पोरं शिमग्यासारखी बोंब ठोकत. पंधरवड्यातच ती सरांना म्हणाली, “असा रोज मिरवत शिकायचा असंल, तर मी घरी सुकट वाळवीन. मना नको ती खुर्ची.”

थोडे दिवस कळ काढ, असं तिला सांगून तेव्हापासून सर वेळापत्रकाशी झटत होते. तिचे सगळे तास खाली, ग्रंथालयातली पुस्तकं खाली, परीक्षेची बैठकही खाली. कागदावर सगळं जमलं. पण वर्ग मावेल अशी खाली एकच खोली, आणि ती प्राध्यापकांची.

“म्हणजे आम्ही वर बसायचं?” प्राचार्य म्हणाले होते. “पालशेतकर, लोकांचे गुडघे बघा जरा!”

गुडघे! त्या दिवशी सरांना जेवण गेलं नव्हतं.

“राही, चल लवकर,” आता प्राचार्यच जिन्याच्या तोंडाशी आले. “पाहुणे खोळंबलेत.”

“त्यांना खाली बोलवा. मी हितंच हाय.”

“अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं!”

“माज्यासाठी असता, तर खाली असता.”

तिचा आवाज चढला नाही.

प्राचार्य वैतागले. “भागोजी, निदान खुर्ची तरी आण वर! शाल घालायची कशावर?”

भागोजीने राहीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्याने आणि सखारामने रिकामी खुर्ची उचलली. सवयीने दोघे जपूनच चढत होते.

थोड्या वेळाने वर टाळ्या पडल्या. रडावं की शिव्या घालाव्यात, सरांना कळेना. हिला उद्या ये म्हणावं, तर कुठल्या तोंडाने?

प्राध्यापकांची खोली सताड उघडी होती. सगळे गुडघे वर सत्काराला गेले होते. राही कुबड्या टेकत आत गेली, पुढच्याच खुर्चीवर बसली आणि तिने वही उघडली.

“सर, मागणीचा नियम अर्धा ऱ्हायलाय.”

सरांनी खिशातून खडू काढला. खोलीत फळा नव्हता. त्यांनी कपाटाच्या हिरव्या दारावरच दोन रेषा ओढल्या आणि शिकवायला सुरुवात केली.