आपोआप सुरू होणारा पहारा

तोगजानची नोकरी गेली ती माझ्या चुकीमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी फाटे फोडत बसेन.

कझाकस्तानातल्या पावलोदारमधली आमची छोटी कंपनी बॉयलरघरांसाठी कंट्रोलर बनवते. त्यातला सी भाषेतला निम्मा प्रोग्राम माझा. पंप बंद पडून पाइपातलं पाणी गोठायला लागलं, तर दुसरा पंप चालू करणारा पहाराही माझाच. मुख्य प्रोग्राममधून एका ओळीत त्याला बोलावता आलं असतं आणि ते कुठल्याही कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या साधनावर, चाललं असतं. पण आमच्या कंपायलरची एक खास सोय होती. फंक्शनवर एक खूण करायची, की ते आपोआप सुरू होतं. भाषेच्या प्रमाण नियमांत ती सोय नाही. मला हुशारी मिरवायची होती, म्हणून मी ती वापरली.

दोन वर्षांपूर्वी तोगजान आली, कॉलेजातून थेट. काम मीच शिकवायचो, म्हणून ती मला अगाय, म्हणजे सर, म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "अगाय, कंपायलर बदलला तर हे चालेल का?"

"पोरी, तू सासरी जाशील, पण हा कंपायलर कुठे जात नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले, तीही हसली.

गेल्या उन्हाळ्यात स्वस्त चिप आली आणि तिच्याबरोबर दुसरा कंपायलर. प्रोग्राम त्यावर न्यायचं काम तोगजानकडे आलं. पडदाभर सूचना यायला लागल्या, तेव्हा तिने मला बघायला बोलावलं. मी जागचा न हलता सांगितलं, बंद कर ती कटकट. त्यातच एक सूचना होती की ही खूण कळत नाही, सोडून देतो. पहारा कधी सुरूच झाला नाही, आणि भर उन्हाळ्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जानेवारीत पारा उणे चौतीसवर गेला. एका बालवाडीचा पंप बंद पडला आणि पाइप फुटले. रविवार होता म्हणून मुलं वाचली. बैठकीत मालक येरसाइनने विचारलं, शेवटचा हात कुणाचा? तोगजान माझा म्हणाली. मला सगळं कळलं होतं, तरी मी मूग गिळून बसलो. तोगजानने तिच्या आईला गावाहून उपचारांसाठी आणून जेमतेम महिना झाला होता.

तिला कामावरून काढल्यावर चार दिवस मी रोजच्यासारखा कामावर येत राहिलो. पाचव्या दिवशी येरसाइनकडे जाऊन सगळं कबूल केलं.

त्याने दार लोटलं. "कैरेके," तो माझं नाव आदराने घेत म्हणाला, "मला माहीत आहे. पाइप फुटल्यावर पहिल्याच दिवशी तिने तुमची ती खूण दाखवली होती."

"मग तिला का काढलंत?"

"बालवाडी नगरपालिकेची, त्यांना दोषी म्हणून एक नाव हवं होतं. तीच म्हणाली, माझं द्या. अगायची पेन्शन जवळ आलीय, त्यांना या वयात कोण घेणार?"

तो माझ्याकडे बघत थांबला. मी जातो, तिला परत बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. पेन्शनला अजून किती महिने उरलेत, ते मी मनात मोजत होतो. सतरा. मी उठलो आणि जागेवर जाऊन बसलो.