बटणावरचा चिखल

मित्रांनो, मी जीप आहे. ‘जुनी’ हे विशेषण लोक आपणहून लावतात, त्यामुळे मला ते वेगळे सांगावे लागत नाही. मुक्काम कामतघर, भिवंडी.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्या कंपनीला रस्ता या गोष्टीबद्दल फारसा आदर नव्हता. जाहिरातीत एक डोंगर होता, त्यावर मी होते आणि खाली लिहिले होते, ‘रस्ता हवाच कशाला?’ मला काचा नव्हत्या. छत कापडाचे होते. सीट अशी होती की बसणाऱ्याला आपल्या अंगात किती हाडे आहेत ते वेगळे शिकावे लागत नसे. पण गिअरच्या शेजारी एक आखूड दुसरा दांडा होता. तो ओढला की माझी चारही चाके एकदम कामाला लागत. बाकीच्या गाड्या दोन चाकांवर जोर लावतात आणि उरलेली दोन नुसती सोबतीला नेतात. आमच्यात तशी सवलत नव्हती.

भिवंडीत आले आणि मला वाटले, ती जाहिरात याच गावावरून सुचली असावी.

बाळारामशेठनी मला घेतले तेव्हा ते शेठ नव्हते. खाडीकाठी त्यांची खारजमीन होती, तिच्यात भात पिकत असे. मी भाताच्या गोणी वाहिल्या, बांधासाठी माती वाहिली, नारपोलीच्या कारखान्यांत लूमचे सुटे भाग पोचवले. शेठची मुलगी मृणाली जन्मली तेव्हा इस्पितळातून तिला मीच घरी आणले. मग शेतांची गोदामे झाली. बाळाराम शेठ झाले. मला घरामागे उभे करण्यात आले आणि माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीने संसार थाटला. तिने तीन वेळा पिल्ले काढली. तेवढ्यापुरता माझा उपयोग चालू होता.

मध्यंतरी कंपनीचे मन बदलले. डोंगरावर गिऱ्हाईक राहत नाही हे तिच्या ध्यानात आले. तिने माझ्याच नावाची, माझ्याच बिल्ल्याची नवी गाडी काढली. बुटकी, रुंद आणि गुळगुळीत. या वेळी जाहिरातीत कॉफीचे दुकान होते आणि खाली लिहिले होते, ‘खास रस्त्यासाठी’. म्हणजे कंपनीने रस्ता ही गोष्ट मनावर घेतली होती. आमच्याकडे ती अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

शेठचा मुलगा धनेश ही गाडी बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी घेऊन आला. बदल्यात मी सोमवारी शोरूमला जायचे होते. नात्याने ती माझी नातच. तिला छतात खिडकी होती, पोटात निळे दिवे होते आणि मध्ये एक गोल बटण होते. त्यावर चार चित्रे होती: शहर, वाळू, बर्फ आणि चिखल.

माझे इंजिन तीनदा खोलून बसवलेला नारपोलीचा मिस्त्री लतीफ ते बटण बघायला आला. बर्फाचे चित्र पाहून त्याने एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिले.

“धनेशभाय, ये घुमाया तो चारों चक्का चलता है?”

“चाचा, कंपनीचं नाव बघा ना! या कंपनीची गाडी म्हणजे फोर बाय फोरच असनार.”

लतीफने खाली वाकून नातीच्या पोटाखाली पाहिले, उठला, हात पुसले आणि म्हणाला, “माशाल्ला, रंग अच्छा है.”

आता हळदीचा दिवस. मुहूर्त दुपारी एकचा होता, कारण संध्याकाळ डीजेसाठी राखून ठेवलेली होती. सकाळी बायकांनी हळद कुटली. पहिली हळद देवांना लावली, दुसरी उंबऱ्याला. मग कोणाला तरी आठवले की गाडीसुद्धा घरात नवीनच आली आहे. झाले! दहा-बारा करवल्यांनी नातीला ओली हळद फासली. नाकाला, गालांना, कपाळाला, कोणी पाच बोटे, कोणी अख्खा पंजा. ती भलतीच गोड दिसत होती. मला कोणी लावली नाही, पण मी कोंबडीकडे बघत मन रमवले.

अकरा वाजता धनेश आक्काला आणायला निघाला. आक्का म्हणजे आमच्याकडची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावण्याचा मान तिचा. मृणाली एमबीए आहे, पण तिने सर्वांना बजावले होते, “आक्का गायली न्हाय तर मी पाटावर बसनार न्हाय.” आणि आक्का राहते खाडीपलीकडच्या वाडीत. वाट बांधावरून. त्या दिवशी पौर्णिमा. दुपारी साडेबाराला उधाणाचे पाणी बांधाच्या सखल भागावर चढणार आणि तीन-चार तास उतरणार नाही, हे वाडीतली शेळीसुद्धा जाणते.

पावणेबाराला शेठचा फोन वाजला. लतीफ मला सोमवारच्या निरोपासाठी चालू करून बघत होता, म्हणून मी सगळे ऐकले.

“बाबा, गारी हलत नाय! बांधावर हाय. सारखी बोलते, समोर अडथला हाय.”

“कोन हाय समोर?”

“कोन नाय! मोकला बांध हाय. जरा फुरं घेतली की आपोआप ब्रेक मारते. आजूबाजूला पन अडथला दाखवते.”

मागून आक्काचा आवाज आला, “बालाराम, तुजी गारी भित्यय रं! हिला भूत दिसतंय!”

शेठनी फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, सहा वर्षांत माझ्याकडे कोणी असे पाहिले नव्हते. लतीफने कोंबडीला अदबीने खाली उतरवले.

“शेठ, बैठो.”

आणि आम्ही निघालो! कामतघरचे खड्डे मला एकेक करून ओळखत होते. काही मोठे झाले होते, काहींना पिल्ले झाली होती. कंटेनर कडेला घेत होते, रिक्षावाले वळून बघत होते, माझे छत फडफडत होते आणि शेठ सीटवरून हातभर वर उडत ओरडत होते, “दाब लतीफ, दाब!” त्यांचे वय त्या वाटेवर वीस वर्षांनी उतरले. माझे तर मी सांगतच नाही.

बांधावर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी चमकत होते. सखल भागाच्या मधोमध नात उभी होती, पिवळ्या तोंडाने, टीं टीं करत. पाणी तिच्या टायरांना लागले होते. आक्का खिडकीतून डोके काढून पान चघळत होती.

लतीफने नातीच्या नाकावरून बोट फिरवले. पिवळे झाले. मग तो असा हसला की त्याला बोनेटचा आधार घ्यावा लागला.

“अरे धनेशभाय! इसके आँख में हल्दी भर दी तुम लोगों ने! हे सगले सेन्सर हायत. गीली थी तब तक चली, धूप में सूख गई तो उसको चारों तरफ दीवार दिखती है!”

“बघ, मी बोलली ना,” आक्का म्हणाली. “पोरीच्या डोल्यात हलद गेली तर ती कशी चालंल?”

लतीफने ओल्या रुमालाने नातीचे तोंड पुसले. टीं टीं थांबली. धनेशने ऐटीत बटण चिखलावर फिरवले. आतले निळे दिवे तपकिरी झाले. बाकी काही झाले नाही. पुढची दोन चाके जागच्या जागी फिरली, शेठचा पांढरा शर्ट चिखलाने भरला आणि नात आणखी वीतभर खाली गेली.

“फोर बाय फोर ना?” शेठनी विचारले.

धनेशने खाली उतरून नातीला दोर बांधला.

लतीफने माझ्या पुढच्या चाकांची कडी फिरवली आणि तो आखूड दांडा ओढला. कर्रर्र आवाज झाला. सहा वर्षांचा गंज त्यात होता. क्षणभर मलाच शंका आली. मग चारही चाकांनी एकदम जमीन धरली. काय सांगू! बांधाखालची ती माती मीच एकेकाळी वाहून आणलेली, ती मला सोडणार होती का? दोर ताणला, नात डुलली, चिखलाने एक मोठा मुका घेतल्यासारखा आवाज केला, आणि आम्ही दोघी वर आलो. मागे वळून पाहिले तर वाट पाण्याखाली गेली होती.

आक्का खाली उतरली, नऊवारीचा ओचा खोचला आणि माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली. धनेश म्हणाला, “आक्का, आपल्या गारीत एसी हाय.”

“एसीनं माजा गला बसतो. आनि आईक, या वैशाखात माजी अकरा लग्नं हायत, निम्मी खारीच्या पल्यार. मना न्यायला हीच गारी पायजे. नायतर दुसरी धवलारीन बगा.”

शेठनी तिथूनच शोरूमला फोन लावला. काय बोलले ते वाऱ्यात नीट ऐकू आले नाही. ‘सोमवार’ आणि ‘विसरा’ एवढे दोन शब्द कळले.

एकला पाच मिनिटे असताना आम्ही मांडवात शिरलो. मृणाली दारात उभी होती. आक्काला पाहिले आणि ती पळत जाऊन पाटावर बसली. आक्काने चूळ भरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिला धवला उचलला. डीजेवाल्याने आपल्या पेट्या उघडायचे थांबवले.

मित्रांनो, उपदेश करायचा माझा स्वभाव नाही. मला ब्रेकच उशिरा लागतो. पण एवढे ऐका. नव्या गाडीवर माया जरूर करा, फक्त तिचे डोळे मोकळे ठेवा, आणि बटणावर काढलेला चिखल हा चिखल नसतो हे तिला विकत घ्यायला जाताना लक्षात असू द्या. जुनीला आठवड्यातून एकदा नुसते चालू करा. तिला फार काही लागत नाही. तेल, पाणी आणि कुठेतरी जायचे आहे एवढी बातमी.

आता मात्र मला वेळ नाही. उद्या सकाळी अंबाडीला लग्न आहे, आक्का आठलाच तयार असते, आणि कोंबडीची अजून दुसरीकडे सोय लावायची आहे.