तीन नंबरचा खिळा

“आत्ताच अर्धा ठोकून ठेवते. म्हणजे संध्याकाळी बेर्टलला नुसते शेवटचे दोन घाव घालायचे राहतील,” ट्राउडी म्हणाली. ती तिच्या खाणावळीच्या मधोमध खुर्चीवर चढून उभी होती. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात वीतभर लांबीचा कोरा करकरीत खिळा. खुर्ची बिचारी कुरकुरत होती.

मी तिला खाली उतरायला सांगितलं. सामना चार वाजता, आणि घड्याळात अकरासुद्धा वाजले नव्हते. गोल व्हायच्या आधीच खिळा तुळईत दिसला तर लोक काय म्हणतील?

“लोक काय म्हणतील, हे तू मला शिकवतोस, ओट्टल?” ती म्हणाली. “हे सगळं जमवलं कुणी? तूच ना?”

यावर मी सुपातला कलेजीचा गोळा चमच्याने फोडत बसलो.

आमच्या कॉल्टनहामरच्या खोऱ्यात लोखंडाखेरीज काही पिकत नाही, त्यामुळे आमचे मानसन्मानही लोखंडाचेच. आमच्या फुटबॉल क्लबकडून ज्याने आयुष्यातला पहिला गोल केला, त्याने त्याच संध्याकाळी ट्राउडीकडच्या तुळईत लोहाराने हाताने घडवलेला एक खिळा ठोकायचा. माणसाला खिळा एकच. पुढे त्याने शंभर गोल केले तरी एकच. पेनल्टीवरच्या गोलाला खिळा नाही, पण बाकी चेंडू कुठल्याही अवयवाला लागून आत गेलेला चालतो. तुळईवर एकशे अठरा खिळे होते. त्यांतला एक पाद्रीबाबांचा आहे, आणि तो कुठल्या अवयवाचा, हे पाद्रीबाबांनी कधी सांगितलं नाही.

बेर्टलचा मात्र नव्हता.

एंगेलबर्ट पिखलहोफर हे त्याचं कागदावरचं नाव. सतरा हंगाम तो आमचा डावा बचावपटू होता, पाठीवर तीन नंबर, आणि त्या सतरा हंगामांत त्याने एकही गोल केला नाही. पगार घेऊन खेळणारा माणूस, हौशी नव्हे. आम्ही दुसऱ्या श्रेणीत खेळायचो. मध्ये एक वर्ष पहिल्या श्रेणीत चढलो, तिथल्या हवेने आम्हाला चक्कर आली आणि पुन्हा खाली उतरलो. या सगळ्या काळात बेर्टलचं काम एकच. गोलरक्षक चुकला, बाकीचे तीन चुकले, चेंडू रांगत रांगत गोलरेषेपर्यंत आला, की कुठून तरी बेर्टलचा डावा पाय यायचा आणि चेंडू गावाबाहेर जायचा. एकदा तो चर्चच्या घंटेवर बसला आणि लोक दुपारची प्रार्थना तासभर आधी म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या खेपेस मालगाडीच्या उघड्या डब्यात पडला, तो स्टेशनमास्तरने इटलीहून परत मागवला. खोटं वाटत असेल तर स्टेशनमास्तरला विचारा. तो वारला आहे, पण विचारून बघायला काय हरकत आहे?

चेंडू रेषेशी आला की अख्खं मैदान एका सुरात ओरडायचं, “काढ, बेर्टल.” म्हाताऱ्या बायका ओरडायच्या, कुत्री त्याच चालीवर भुंकायची. आणि बेर्टल काढायचा.

मी क्लबचे कपडे आणि बूट सांभाळायचो. एकतीस वर्षं अकरा माणसांचा चिखल धुतला. कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकाची एक खुंटी होती. बेर्टलची खुंटी त्याच्या दुसऱ्याच हंगामात तुटली. मी म्हणालो, उद्या बसवतो. त्यानंतर पंधरा वर्षं तो आपली जर्सी दाराच्या कडीला अडकवत होता. दर हंगामाला म्हणायचा, “ओट्टल, खुंटी.” मी म्हणायचो, “उद्या.” त्यावर तो हसायचा.

एकदा त्याला देशाच्या संघातही बोलावणं आलं. तो व्हिएन्नाच्या मोठ्या मैदानावर गेला. प्रशिक्षकाने त्याला अंग गरम करायला उठवलं आणि मग विसरून गेला. दीड तास बेर्टल रेषेबाहेर इकडून तिकडे धावत होता. सरळ धावला असता तर हंगेरीत जाऊन जेवून आला असता. सोमवारी तो ती लाल जर्सी घेऊन माझ्याकडे आला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

“धू हिला,” तो म्हणाला.

“स्वच्छ आहे की.”

“बाकीच्यांच्या धुतल्या ना? मग हीपण धू.”

मी धुतली. दोनदा.

आता त्या तुळईवरची एक जागा. खिळे सगळे दाटीवाटीने ठोकलेले, पण चुलीच्या बाजूला एका खिळ्याशेजारी चार बोटं मोकळी होती. तो खिळा बेर्टलच्या बापाचा, रुपर्टचा. रुपर्ट भट्टीवर कामाला होता आणि रविवारी खेळायचा. बावन्न सालच्या नोव्हेंबरात, ज्या सकाळी बेर्टल जन्मला त्याच दुपारी, दाट धुक्यात रुपर्टने त्याच्या आयुष्यातला एकुलता एक गोल केला. धुकं इतकं, की गोलरक्षक अर्धा तास खांबाशी बोलत होता, त्याला वाटलं बचावपटू आहे. रुपर्टने खिळा ठोकला आणि शेजारची चार बोटं हाताने झाकून म्हणाला, “ही जागा आज आलेल्याची. इथे कुणी ठोकायचं नाही.” चौतीस वर्षं कुणी ठोकलं नाही. रुपर्ट गेला, तरी जागा तशीच राहिली. बेर्टल नेहमी तिच्याकडे पाठ करून बसायचा.

शहाऐंशीच्या जूनमध्ये त्याचे गुडघे संपले. डॉक्टर म्हणाले, पुरे. क्लबने निरोपाचा सामना ठेवला, खालच्या खोऱ्यातल्या संघाबरोबर, ज्यांच्याशी आमचं आजोबांच्या काळापासून वाकडं आहे. म्हणजे गोल करायला उरली होती नव्वद मिनिटं. मग मी एक खटपट केली. खालच्यांचा गोलरक्षक वेंडेलिन खाण्याचा शौकीन. त्याच्या घरी मी डुकराची एक अख्खी मांडी पोहोचवली, माझ्या धुराच्या खोलीत सहा महिने टांगून मुरवलेली. एवढंच सांगितलं, की बेर्टल जवळ असेल तेव्हा हात जरा ओले ठेव.

“हात कशाला,” वेंडेलिन मांडीचा वास घेत म्हणाला, “मी सगळाच ओला होतो.”

हे गावात ट्राउडीला आणि मला माहीत होतं. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं. बेर्टलला सोडून, असं आम्ही समजत होतो.

तो बाराच्या सुमारास आला आणि सूप पिऊन उठला. जाताना त्याने पहिल्यांदाच मान वर करून त्या चार बोटांकडे पाहिलं. ट्राउडीने खिळा एप्रनमध्ये लपवला. त्याचं टोक तिच्या पोटाला टोचलं, पण बाई हूं की चूं करायची नाही.

मैदान गच्च भरलं होतं. बेर्टलची बायको रोस्विता पहिल्या रांगेत चर्चला जायचा झगा घालून बसली होती. लोहार हात धुऊन आला होता, आणि हे मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. सामना काय, लुटुपुटीचाच. पण बेर्टल काही पुढे जाईना. सगळे त्याला हाताने ढकलत होते, जा की पुढे, आणि तो आपला शंभर वेळा केलेलं काम एकशे एकाव्या वेळी करत मागेच उभा. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलो होतो आणि मनात मांडीचा हिशेब करत होतो.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. मग आमच्याच दोघांनी त्याला दंडाला धरून समोरच्यांच्या गोलापाशी नेलं आणि अगदी रेषेशी उभं केलं, जसं म्हाताऱ्याला बसथांब्यावर उभं करतात. चेंडू आला. वेंडेलिनने तो झेलला. इतका छान झेलला की मांडी बुडाली असंच मी धरलं. मग त्याला मांडी आठवली असावी. त्याने गरम बटाटा हातात आल्यासारखा चेंडू सोडला. तो टप्पा खाऊन, एकदा दबकून, गोलरेषेकडे रांगू लागला. रेषेच्या वीतभर अलीकडे बेर्टलचा डावा पाय. नुसता गुडघा वाकवला असता तरी पुरलं असतं. शिंकला असता तरी.

आणि चेंडू गोलरेषेशी आलेला पाहून, सतरा वर्षांच्या सवयीने, सगळं मैदान एका सुरात ओरडलं, “काढ, बेर्टल.”

बेर्टल गर्रकन वळला, गोलकडे पाठ केली आणि त्याने काढला.

असा काढला की विचारू नका. चेंडू आमच्या डोक्यावरून, रस्त्यावरून, पिठाच्या गिरणीवरून गेला आणि नदीत पडला. पुढच्या वसंतात तो काळ्या समुद्रात एका कोळ्याला मिळाला, असं ऐकतो.

मैदानावर सगळे नदीकडे बघत राहिले. मग रोस्विता हसली. एकटीच, तोंडावर हात धरून. मग लोहार, मग खालच्या खोऱ्यातले, मग सगळेच. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि काही जण नुसतेच पुसत होते. पंचांनी शिट्टी वाजवली, कारण दुसरा चेंडू नव्हता.

एवढी गोष्ट मी ट्राउडीकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ऐकणारा हसतो, मला एक ग्लास पाजतो. इथेच थांबायची माझी पद्धत आहे. पण आता पंचाऐंशी उलटली, आणि बेर्टलला मागच्या मंगळवारी स्मशानात पोचवून आलो. म्हणून पुढचंही सांगतो.

सगळे खाणावळीकडे गेल्यावर मी कपड्यांच्या खोलीत गेलो. बेर्टल बाकावर बसून पायांच्या पट्ट्या सोडवत होता. खिळा माझ्या खिशात होता. ट्राउडीने तो माझ्या हातात कोंबला होता, कारण तिला रडू आवरेना. मी बेर्टलला म्हणालो की चूक माझी. ओरडायला पहिला मीच लागलो, लोक माझ्या मागून ओरडले. आणि हे खरं होतं. मी उभं आयुष्य थापा मारल्या, पण त्या दिवशी पहिला आवाज माझाच होता.

बेर्टल पट्टी गुंडाळत राहिला. मग त्याने विचारलं, “किती दिलीस त्याला? अख्खी मांडी?”

मी खिशातला खिळा चाचपला.

“सकाळी तुझ्या धुराच्या खोलीवरून आलो. मधला आकडा रिकामा होता. तू काही दुसऱ्याला अख्खी मांडी फुकट देणारा माणूस नाहीस.”

“म्हणजे तुला माहीत होतं? आणि तरी काढलास?”

“तू ओरडला नसतास तरी काढला असता.”

मी चिडलो. त्याला म्हणालो, तुझ्या बापाने चौतीस वर्षं जागा धरून ठेवली ती काय नदीतल्या माशांसाठी? गाव तुला खिळा द्यायला बसलंय, आणि तू मोठा आला नाकाने कांदे सोलणारा.

बेर्टलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“बाबांनी मला जाताना सांगितलं, ओट्टल. त्यांचा चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता. हातभर बाहेरून. धुक्यात कुणाला दिसलं नाही. पण रेषेवर निशाण घेऊन जो उभा होता, त्याला दिसलं होतं.”

बावन्न साली रेषेवर निशाण घेऊन मी उभा होतो.

मी बावीस वर्षांचा होतो. रुपर्ट धुक्यातून माझ्याकडे बघत होता, रात्रभर जागलेला, ओठ निळे पडलेले, आणि सकाळीच त्याला मुलगा झाला होता. मी गोल झाल्याची खूण म्हणून निशाण वर केलं. केलं म्हणजे केलं.

“बाबा आयुष्यभर त्या खिळ्याखाली जेवले नाहीत,” बेर्टल म्हणाला. “मला म्हणाले, तुझा खरा असू दे, म्हणजे माझाही शेजारी शोभेल. खरा काही मला जमला नाही. आमच्या घरात एक खोटा आहे तेवढा पुरे.”

खाणावळीतून बाजाचा आवाज येऊ लागला होता. बेर्टलने हात पुढे केला. मी खिळा दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, लोहाराचं काम चांगलं आहे म्हणाला, मग कोपऱ्यातला बुटांचा हातोडा घेतला. जिथे त्याची खुंटी असायची तिथे, लाकडाच्या पट्टीत, चार घावांत त्याने खिळा बसवला. हलवून पाहिला. अंगातली जर्सी काढली आणि त्यावर अडकवली, आतली बाजू बाहेर, जशी दर शनिवारी दाराच्या कडीला अडकवायचा.

“बसली एकदाची खुंटी,” तो म्हणाला. “चल, ट्राउडी वाट बघत असेल.”

त्या रात्री आणि नंतरही कुणी त्याला खिळ्याचं विचारलं नाही. चुलीशेजारची चार बोटं तशीच आहेत.

त्याला पोचवल्यावर मी कपड्यांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. आता तिथे पत्र्याची कपाटं आली आहेत, पण ती लाकडी पट्टी कुणी काढलेली नाही. तुळईवरचे सगळे खिळे काजळीने काळे पडले. हा मात्र चकचकीत आहे. अठ्ठावीस वर्षं रोज कुणी ना कुणी त्यावर ओली जर्सी टांगत आलं आहे. तो कुणाचा, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

त्यावर एक जर्सी होती. चिखलाने भरलेली, तीन नंबरची. मी ती काढली, घरी नेली आणि धुतली.