राकेराला मागता येत नव्हतं

जुनी झाले, गंजले, सगळं मान्य. पण मित्रांनो, मी शिलाई मशीन आहे, जाळं दाबायचा धोंडा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मधली तीन वर्षं माझा धोंडाच झाला होता.

माझं गाव एका चिंचोळ्या बेटावर आहे. नकाशात आमच्या देशाचं नाव किरिबाती लिहितात, आम्ही किरिबास म्हणतो. एका हाताला मोठा समुद्र, दुसऱ्या हाताला उथळ खाजण, आणि मधे नारळ, नीरफणस, घरं आणि एकच रस्ता. राजधानीचं बेट, तारावा, मी पाहिलेलं नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष असतात, संसद असते, आमच्या बेटाने निवडून दिलेला माणूस तिथे जाऊन बसतो. इथे बेटाची पंचायत आहे, आणि कागदावर नसले तरी पंचायतीच्या वर गावातले म्हातारे आहेत. ते मनेआबात बसतात. मनेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर. त्याला भिंती नाहीत, पण कोणत्या घराण्याने कुठे बसायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

मला काबुआने आणलं. तो परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्या काळी घरटी एकजण जहाजावर असे आणि बाकीचे खोबरं वाळवत. प्रवाळामुळे जहाज किनाऱ्याला लागत नाही, म्हणून मला चटईत गुंडाळून होडीत उतरवलं. एक लाट होडीवर आली तसा काबुआ ओरडला, "मी बुडालो तर चालेल, मशीन वर धरा!" किनाऱ्यावर त्याची बायको राकेरा लाजून लालेलाल झाली.

राकेराचा हात फार सुरेख होता. गळ्याशी बारीक चुण्या घातलेली पोलकी आम्ही दोघींनी साऱ्या गावाला शिवून दिली. पंचायतीचा झेंडाही मीच शिवला. त्यातल्या पक्ष्याचा एक पंख जरा वाकडा आला आहे, पण वारा असला की कळत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला बुबुसी म्हणतात. कुणी तोंड उघडून "हे मी मागते" म्हटलं, की नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणूनच आमच्याकडे कुणी फार श्रीमंत होत नाही आणि कुणी उपाशीही राहत नाही.

एक दिवस शेजारची आकोया आली. "राकेरा, तुझं मशीन मी मागते गं. लेकीचं लग्न आहे." राकेराने रिळासकट मला उचलून दिलं. लग्न झालं, पण आकोयाला शिवणाचा मुळातच कंटाळा. तिने मला नवऱ्याच्या वाळत घातलेल्या जाळ्यावर ठेवून दिलं. खारा वारा लोखंडाचं काय करतो, ते मला विचारू नका. माझं चाक जाम झालं. रडलेही असते, पण त्याने गंज वाढला असता.

त्याच काळात परदेशी जहाजांनी आमची माणसं घेणं कमी केलं. काबुआ घरी बसला, रस काढायला नारळावर चढू लागला, आणि एका सकाळी पडून गेला. राकेरा एकटी खोबरं वाळवू लागली. नारळ सोलताना जमिनीत रोवलेल्या सुळावर तिचा उजवा अंगठा फाटला. सुई धरता येईना. नेमकं तेव्हाच पंचायतीने सांगितलं, की तिची मुलगी कायेया तारावाच्या वसतिशाळेत जाणार. साऱ्या बेटातून एकच मुलगी! चार गणवेश शिवून न्यायचे होते आणि जहाज आठ दिवसांवर होतं. ते चुकलं तर जागा दुसऱ्या बेटाला जाणार होती.

राकेरा आकोयाकडे आली. मासळीचं बोलली, पावसाचं बोलली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा जीव खालीवर होत होता. अगं बाई, माग की! पण राकेराला देता यायचं, मागता यायचं नाही. त्यातून मी तिनेच दिलेली. परत मागणं म्हणजे तिला थुंकून चाटल्यासारखं वाटत असणार.

"देणाऱ्याचा हात वर म्हणतात," ती गेल्यावर आकोया म्हणाली, "हिचा तर वरच्या वर आखडलाय."

"मग तूच देऊन टाक ना," नवरा म्हणाला.

"दिलं तर घेईल का ती? दया केली म्हणेल आणि फणकाऱ्याने घरी जाईल."

चौथ्या दिवशी मनेआबात सभा होती. भिंती नसल्यामुळे आकोयाच्या घरातून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पंचायतीच्या होडीला डिझेल कुठून आणायचं, यावर म्हातारे बोलत होते. मधेच आकोया उठली. एक म्हातारा खाकरला, पण ती बसली नाही.

"राकेरा, मी मागते."

राकेराचा चेहरा पडला. तिच्याकडे द्यायला उरलं होतं काय?

"माझ्या घरात एक लोखंडी ब्याद आहे. रोज माझा पाय आपटतो तिच्यावर. ती तू घेऊन जा, एवढंच मागते. काय गं, नाही म्हणतेस?"

मनेआबात हशा पिकला. सगळ्यांत थोरला म्हातारा म्हणाला, "मागितलंय पोरी तिने. ऐकावंच लागतं." राकेरा हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. मलाही केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

दोन दिवस तिने पिसाने माझ्या सांध्यासांध्यांत खोबरेल सोडलं. मग चाक करकरलं आणि सुटलं. डाव्या हाताने ती कापड सरकवी, उजव्या तळव्याने चाक फिरवी. सुईत दोरा ओवायला आकोया यायची, कुरकुरत, पण यायची. चार गणवेश झाले. चौथ्याची एक शिवण वाकडी आहे, ती माझी चूक.

कायेया नवा गणवेश घालून होडीत बसली. जहाज दिसेनासं होईपर्यंत राकेरा पाण्यात उभी होती. घरी येऊन ती टेकतेय तोच गावाच्या टोकाची तेबुरेया दारात. "राकेरा, मशीन मी मागते. बाळंतपण आलंय सुनेचं."

राकेरा म्हणाली, "ने." पण माझा दांडा तिने सोडला नाही.

"थांब. मीही मागते."

तेबुरेया दचकली. राकेराने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"हिला रोज तेल घाल. एक दिवसही चुकवू नकोस. मागितलंय मी."

मित्रांनो, तेबुरेया आळशी आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण रोज सकाळी ती खोबरेलाची बाटली घेऊन माझ्यापाशी बसते. तुमच्याही घरात कुणीतरी असंच गंजत पडलं असेल. त्याला थोडं तेल घाला, चालतं ठेवा. मी मागते आहे.