आखूड वर, लांब बाहेर

माझ्या नणंदेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला नाव ठेवलं, शंकेश्वरी. मी दुधाचा वास घेतल्याशिवाय पातेलं गॅसवर ठेवत नाही, कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते, आणि कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं की काय बिघडलंय ते शोधायला लागते. ताई हे सगळ्या नातेवाइकांना तिखटमीठ लावून सांगायची. आमच्या शंकेश्वरीपुढे आरसा धरला तर ती आधी त्याच्या मागे कोण लपलंय ते बघेल, असं म्हणायची, आणि माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, दात काढायचा.

शंका घेणं हा माझा धंदाच आहे, हे दोघंही सोयीस्करपणे विसरायची. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये कापून काढलेलं जे काही असेल ते माझ्या टेबलावर येतं आणि मी त्याच्यावर संशय घेते. मला पगार त्याचाच मिळतो.

ताईच्या डाव्या स्तनात वरच्या अंगाला, काखेच्या बाजूला गाठ लागली आणि सुईच्या तपासणीत ती वाईट निघाली, तेव्हा ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात करायचं असं तिने ठरवलं. घरच्या माणसाचं आपण तपासू नये असा आमच्यात संकेत आहे. मी तिला म्हटलं, तुझा तुकडा माझा सहकारी बघेल, चांगला माणूस आहे. ताईने भांडी आवरता आवरता मान हलवली.

"चांगला माणूस नकोय मला. तू बघ. तुझा कुणावर विश्वास नसतो, मला तेच हवंय."

आयुष्यभर ज्या गुणाची टिंगल केली तोच तिला आता हवा होता. मला राग यायला हवा होता, पण तिच्या हातात बशीवर बशी वाजत होती. मी हो म्हटलं.

या ऑपरेशनमध्ये अख्खा स्तन काढत नाहीत. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग एवढंच काढतात. सगळी गोम त्या काठावर असते. रोग डोळ्यांना दिसतो तेवढाच असेल असं नाही, त्याच्या बारीक मुळ्या पुढे गेलेल्या असू शकतात. म्हणून आमच्याकडे पेशंट भुलीखाली असतानाच तुकडा माझ्याकडे येतो. मी त्याच्या प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाची शाई लावते, काही भाग गोठवून त्याचे पातळ काप घेते आणि मायक्रोस्कोपखाली बघते. रोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर समजायचं की त्या कडेपलीकडे, पेशंटच्या अंगात, आणखी रोग असू शकतो. मग मी थिएटरमध्ये फोन करून कड सांगते आणि सर्जन तिथूनच आणखी एक काप घेतो.

आता अंगाबाहेर काढलेल्या मांसाच्या गोळ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं हे कसं कळणार? त्यासाठी सर्जन त्याला रेशमी दोऱ्याचे दोन टाके घालतो. आखूड दोरा वरच्या कडेला, लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या कडेला. पुढच्या बाजूला त्वचेची बारीक पट्टी ठेवलेली असते. आखूड वर, लांब बाहेर. आमच्याकडे हे पाढ्यासारखं पाठ असतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मी सगळ्यांच्या मागे लागले. सर्जनला झोप नीट झाली का विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. टाके तो स्वतः घालणार की त्याच्या असिस्टंटवर सोडणार, हे मी थिएटरच्या सिस्टरकडून काढून घेतलं. मग एक्सरेवाल्या भाऊंकडे गेले. तुकडा माझ्याकडे येण्याआधी त्यांच्याकडे जातो, गाठ पूर्ण निघाली आहे का हे फोटोत बघायला. त्यांना मी बजावलं की घरचं माणूस आहे, डोळ्यात तेल घालून काम करा, आणि डबीचं झाकण घट्ट लावून पाठवा, वाटेत काही सांडता कामा नये.

भाऊ म्हणाले, मॅडम, काळजीच करू नका. या वाक्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे.

डबी आली. झाकण अगदी घट्ट होतं. मी तुकडा ट्रेमध्ये काढला, त्वचेची पट्टी माझ्याकडे येईल असा ठेवला, आखूड दोरा वर घेतला. डाव्या स्तनाचा तुकडा असा ठेवला की लांब दोरा माझ्या उजव्या हाताला यायला हवा.

तो डाव्या हाताला आला होता.

मी तुकडा उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायाची होत नाही, तसंच हे असतं. दोरे खरे मानले तर हा तुकडा उजव्या स्तनाचा होता, आणि गाठ तर डावीकडे होती.

डबी बदलली असेल म्हणावं, तर त्या सकाळी दुसरं ऑपरेशन फक्त एका पित्ताशयाचं होतं. मग चुकीच्या बाजूला कापलं? असं झाल्याचं मी ऐकलं होतं, पण आमच्याकडे? की सर्जनने टाके उलटे घातले? माझा संशय लगेच असिस्टंटवर गेला. नवीन मुलगी, सारखी हसणारी. मग सर्जनवर गेला. इतकी वर्षं केलं की हात यंत्रासारखे चालतात आणि डोकं दुसरीकडेच असतं. सकाळी त्याने माझ्याकडे तसं पाहिलं होतं त्याचाही अर्थ मी आता वेगळा लावला.

पण हात थांबवून चालणार नव्हतं, ताई तिकडे भुलीखाली होती. वर, बाहेर ही नावं मी तात्पुरती बाजूला ठेवली. लांब दोऱ्याच्या कडेला निळी शाई लावली, आखूड दोऱ्याच्या कडेला हिरवी, बाकीच्या कडांना बाकीचे रंग. गोठवलं, काप घेतले, मायक्रोस्कोपखाली धरले.

हिरवी कड स्वच्छ. बाकीच्या रंगांच्याही स्वच्छ. निळ्या शाईला रोगाच्या पेशी टेकलेल्या होत्या. थोड्याच होत्या, पण होत्या.

मी फोन लावला. तिकडे सिस्टरने फोन सर्जनच्या कानाजवळ धरला असणार, कारण त्याचा आवाज मास्कमधून आला. कुठली कड, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, लांब दोऱ्याची.

"म्हणजे बाहेरची. घेतो."

"थांबा. कापू नका. तुमच्या दोऱ्यांप्रमाणे हा तुकडा उजव्या बाजूचा आहे."

सर्जन थंडपणे म्हणाला की पेशंट त्याच्यासमोर आहे, जखम डावीकडे आहे, टाके त्याने स्वतःच्या हाताने घातले आहेत आणि त्याला आखूड आणि लांब यातला फरक कळतो. घरचं माणूस असलं की नजर हलते, असंही म्हणाला. ते मला लागलं. खोटं होतं म्हणून नव्हे, खरं असू शकेल म्हणून. मी ट्रेकडे पुन्हा पाहिलं. दोरा अजून डाव्याच हाताला होता.

माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं स्पष्ट होतं. तो बाहेरच्या कडेचा काप घेणार. तो काप माझ्याकडे येणार आणि स्वच्छ निघणार, कारण रोग तिथे नसेलच. मी स्वच्छ म्हणणार, तो जखम शिवणार, ताई शुद्धीवर येणार, सगळे पेढे वाटल्यासारखे तोंड करून उभे राहणार, आणि रोग आत दुसऱ्याच भिंतीला तसाच बसून राहणार.

मी ट्रे झाकला, गाऊन, टोपी, मास्क चढवला आणि ट्रे घेऊन थिएटरमध्ये गेले. ताईचा चेहरा पडद्यापलीकडे होता. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं नाही. असिस्टंट म्हणाली, शंका आहे तर दोन्ही कडांचे काप घेऊन टाकू या. सर्जनने तिच्याकडेही पाहिलं नाही.

"अंदाजाने कापायला ही भाजी नाही. एक दोरा खोटा असेल तर चारही कडा खोट्या."

रागात होता, पण डोकं ठिकाणावर होतं. मला तेवढ्यापुरता तो आवडला. त्याने तुकडा चिमट्यात धरला आणि जखमेवर अलगद टेकवला, त्वचेची पट्टी कापलेल्या त्वचेशी जुळवून. पट्टीचं एक टोक रुंद होतं, एक निमुळतं, त्यामुळे ती एकाच तऱ्हेने बसत होती. बसली. आखूड दोरा काखेकडे गेला आणि लांब दोरा वर.

सगळे दोऱ्यांकडे बघत राहिलो. सर्जन हळू आवाजात म्हणाला की त्याने असे टाके घातलेले नाहीत. मला ते खरं वाटलं नाही, म्हणून मी सिस्टरकडे पाहिलं. टाके घातल्यावर दोरे मापाने तिने कापले होते. ती काखेकडचा दोरा निरखत होती. हा असा नव्हता, म्हणाली, बोटभर होता, आता नखाएवढाच उरलाय. कुणीतरी नंतर कापलाय.

नंतर म्हणजे कुठे? डबी इथून एकाच ठिकाणी गेली होती. मी एक्सरेच्या खोलीत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळ्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा होती. चोर सापडला होता आणि मला साक्षीदार हवे होते. भाऊंना विचारलं, दोऱ्याला हात लावलात का?

"हो मॅडम. लांब दोरा झाकणात अडकत होता, झाकण घट्ट बसेना. एरवी मी तसंच पाठवतो. पण तुम्ही सकाळी बजावलं होतं ना, घरचं माणूस आहे, झाकण घट्ट लावा. म्हणून टोक जरा छाटलं."

थिएटरमध्ये कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला. भाऊंनी छाटलेला लांब दोरा आखूड दोऱ्याहून आखूड झाला होता, आणि आखूड दोरा बसल्या जागी लांब ठरला होता. एवढंच झालं होतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून झालं होतं. साक्षीदारही मीच गोळा केले होते.

निळी शाई लावलेली कड म्हणजे खरी वरची, म्हणून सर्जनने वरच्या कडेचा काप घेतला. त्याला नवा टाका घातला, आणि सिस्टरने दोरा चांगला हातभर लांब सोडला. डबी या वेळी एक्सरेकडे गेली नाही, मी स्वतः हातात धरून लॅबमध्ये नेली. कापाच्या आतल्या अंगाला रोगाचा एक छोटा पुंजका होता. बाहेरचं अंग, जिथे आता ताईच्या अंगाशी खरी हद्द होती, तिथे शाईपर्यंत सगळं स्वच्छ होतं. मी एक स्लाइड पाहिली, मग दुसरी, मग पहिली पुन्हा पाहिली. सहकाऱ्याला बोलावून त्यालाही दाखवली. मग फोन करून म्हटलं, शिवा.

त्यानंतर मी खुर्चीत बसून रडले. सुटकेचं होतं, शरमेचं होतं, दोन्ही होतं.

भाऊंवर ओरडायला गेले नाही. काय तोंडाने जाणार? डब्या मोठ्या मागवल्या आणि दोऱ्याला कुणीही हात लावायचा नाही असा नियम केला. सर्जनने त्याच्या बाजूने ठरवलं की यापुढे एका टाक्याला गाठीही मारायच्या, लांबीवर विसंबायचं नाही. माझ्याशी तो एवढंच बोलला की सकाळी त्याला झोप नीट झाली होती.

संध्याकाळी वॉर्डमध्ये गेले. नवरा बहिणीच्या उशाशी मुकाट बसला होता, मला बघून बाहेर गेला. ताई जागी होती. ओठ सुकलेले, डोळे माझ्या चेहऱ्यावर. आत काही राहिलं का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती बघत राहिली. इतकी वर्षं माझ्यावर हसता हसता तिने माझी नजर उचलली होती बहुतेक.

"काहीतरी लपवतेस."

मग मी सगळं सांगितलं. दोरा, झाकण, उजवी-डावी बाजू, आणि सकाळी मी कुणाकुणाच्या कानाशी लागले ते. काही गाळलं नाही. तिने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली.

"अति तिथे माती," ती म्हणाली.

"हो."

"दोरा तुझ्यामुळे कापला गेला."

"हो, ताई."

"आणि पकडलाही तूच."

तिने चादरीखालून हात काढला, माझं मनगट चाचपडून धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"पुढेही माझं सगळं तूच बघ. फक्त कुणाला सांगत सुटू नकोस, मी तुझं माणूस आहे म्हणून."

माझं माणूस. इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही तक्रारीच्या सुरात. भूल पूर्ण उतरलेली नसावी, असा मला लगेच संशय आला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी तिला पुन्हा विचारलं, काल काय म्हणालीस ते.