डाव्या कानाची खूण

सिडकोतल्या त्या सल्लागाराच्या ऑफिसात एसी इतका गार होता, की कॅनडाला जायच्या आधीच माणसाला तिथल्या थंडीची सवय व्हावी. मोनिका समोर बसली होती आणि तो तिची फाइल चाळत कधी मान डोलवत होता, कधी हलवत होता.

"अनुभव छान, इंग्रजीचे मार्क तर फारच छान. पण मॅडम, तिकडे उतरल्यावर सुरुवातीचे महिने स्वतःच्या पैशावर काढाल, एवढी शिल्लक दाखवावी लागते. बँकेतली ठेव चालते, शेअर चालतात, म्युच्युअल फंडही चालतो. तुमचा फंड मात्र टॅक्स वाचवणारा. तीन वर्षं काढता येत नाही. जो पैसा हातात येत नाही, तो ते धरत नाहीत."

"दिवाळीत मुदत संपते त्याची."

"त्याआधी तुम्हाला तीस पूर्ण होतात. वयाचे गुण उतरतील. आधीच काठावर आहात."

मोनिकाचा चेहरा पडला. मग कसनुसं हसून ती म्हणाली, "गावाकडं माझ्या नावाच्या मेंढ्या आहेत."

सल्लागार खुर्चीत मागे रेलून हसला. "मेंढ्या नाही चालत, मॅडम! विकून पैसे खात्यात आणा, बाजाराची पावती जोडा, मग चालतील." त्याच्याबरोबर तीही हसली. पुढे त्या हसण्याची तिला फार लाज वाटली.

मेंढ्यांची गोष्ट मात्र खरी होती. कन्नड गावाजवळच्या तिच्या वस्तीवर घरात मूल झालं, की एक कोकरी त्याच्या नावाची करतात. तिच्या कानाला बारीकशी खाच पाडतात आणि तिची पुढची सगळी पिलावळ त्या मुलाची. मोठा भाऊ कृष्णा, त्याची खूण उजव्या कानाला, मोनिकाची डाव्या. याचा कागद कुठं नसतो आणि कुणी मागतही नाही. वडील गेल्यावर कळप कृष्णाने सांभाळला, मोनिकाने पुस्तकं. शाळा दहावीतच सोडली ती त्याने आणि इंजिनिअर झाली ती हिने.

तिने ऑफिसच्या जिन्यातूनच फोन लावला.

"दादा, माझ्या मेंढ्या विकायच्यात. या महिन्यात पैसे पाहिजेत."

पलीकडे घुंगरं वाजत होती, कुत्रं भुंकत होतं. "समद्या?"

"माझ्या समद्या. पण तुझ्या एकीलाही हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

आपण किती समजूतदार बहीण आहोत, असं तिला त्या क्षणी वाटलं. भावाचं नुकसान नको म्हणून शपथ घातली होती तिने! कृष्णाने कुत्र्याला हाकललं. मग म्हणाला, "बरं. येत्या बाजाराला नेतो."

पैसे आले ते तिच्या अंदाजाच्या कितीतरी पट. तिच्या हिशेबात तिच्या मेंढ्या म्हणजे पाच-दहा, लहानपणी पाहिलेल्या. "मेंढीला सोन्याचा भाव आलाय गं," ती तिच्याच खोलीत राहणाऱ्या दीपमालाला म्हणाली आणि दोघींनी त्या संध्याकाळी छावणी भागात जाऊन आइस्क्रीम खाल्लं. पैसे ठेवीत गेले. बाजार समितीची पावती फाइलला लागली. विकणाराचं नाव मोनिका, शिक्का गोल आणि स्पष्ट. एवढे पैसे कसे आले, एवढंच एका फोनवर विचारायचं होतं. पण तेव्हा पोलीस ठाण्याचा दाखला होता, मेडिकल होतं, कंपनीची पत्रं होती; दादा कुठं पळून जात होता? राखीसुद्धा तिने कुरिअरने पाठवली.

वाढदिवसाआधी कॅनडाहून अर्ज करायचं बोलावणं आलं, अर्ज वेळेत गेला. दिवाळीला ती मिठाईचे बॉक्स घेऊन एसटीने निघाली. शहराच्या टोकाचं हर्सूल मागं पडेपर्यंत तिच्या डोक्यात कॅनडाच होता. माय फोनवर म्हणाली होती, दादा यंदा घरीच आहे. तिला आनंद झाला होता. एरवी दसरा झाला की तो कळप घेऊन बाहेर पडायचा, दिवाळीचा फराळ त्याच्यामागे डब्यातून फिरायचा.

घराशी पोचली, तर मेंढ्या कोंडायचं जाळं गुंडाळून पत्र्यावर टाकलेलं होतं. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. त्या अंगणात लेंडी नाही, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"माय, मेंढ्या कुठं?"

राजाबाई चुलीपुढून उठली नाही. "इकल्या की. तूच म्हनली ना?"

"माझ्या म्हणाले होते मी. दादाच्या कुठं आहेत?"

"त्याच्या राहिल्या कुठं व्हत्या, बाई? तुझ्या कालेजची फी आली की तो आपल्या खुनेच्या काढायचा. हॉस्टेलचं आलं, आपल्याच. म्हनायचा, भयनीची मेंढी इकत नसतेत. तुझ्या वाढत गेल्या, त्याच्या सरल्या. चार म्हाताऱ्या उरल्या, त्या तुझे पैसे धाडल्यावर मागून इकल्या. चार मेंढ्या घिऊन कुनी रानात जातं व्हय?"

मोनिका उंबऱ्यावर बसली. आपली म्हणून जी पदवी ती वर्षानुवर्षं मिरवत आली, ती उजव्या कानाच्या मेंढ्यांची होती. आणि उरलेला कळप तिनेच, शपथ घालून, बाजारात उभा केला होता.

"मग मला सांगायचं ना गं!"

"मी म्हनलं त्याला. तर म्हनला, तिचंच हाय, ती मागती. आन शपथ घातली हाय."

अंधारता अंधारता कृष्णा आला. अंगावर वॉचमनचा निळा ड्रेस, पायात काळे बूट. साखर कारखान्याच्या गेटवर लागला होता. बूट चावत असावेत, लंगडत होता. तिला बघून मात्र त्याचं तोंड फुललं. "आली व्हय, मोने! कवा निघायचं इमानानं?"

"दादा, माझा फंड आता निघालाय. दाखवायला तेवढा पुरतो. ती ठेव मोडते. तू मेंढ्या घे परत. सगळ्या घे."

"नाय. ते तुझे पैसे हायत. मी एकेकीचा कान बघून इकल्यात."

"मग मी जातच नाही. नको मला कॅनडा."

बुटाची नाडी सोडता सोडता तो थांबला. तिने त्याला रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. आत्ताही तो रागावला नव्हता, घाबरला होता. "असं नको म्हनू, मोने. तू गेलीच नाय, तर मग त्या इकल्या कशाला?"

जायची तिची सगळी हौस त्या एका प्रश्नात संपली आणि जाणं मात्र पक्कं झालं.

तेवढ्यात घरामागून एक कोकरी ओरडली. पुन्हा ओरडली. कृष्णा ओशाळला, उठून मागं गेला आणि तिला कडेवर घेऊन आला. दावं गळ्यातच होतं.

"ही एक इकली नाय," तो खाली बघत म्हणाला. "पावतीत एक कमी हाय. तुला इचारायला पायजे व्हतं. तवा लई बारीक व्हती, खून पन केली नव्हती. म्हनलं, तिकडं तुला लेकरू झालं, तर त्याच्या नावाची ऱ्हाऊ दे."

मोनिकाने हात पुढे केला. डावा कान कोरा होता, उजवाही कोरा.

"एकटी हाय, म्हनून वरडती," राजाबाई चुलीपुढून म्हणाली. "मेंढीला एकटं ऱ्हायाची सवं नसती."

"खून कुठं करू, ते सांग," कृष्णा म्हणाला. "तू जायच्या आत करून घिऊ."

मोनिकाने तो मऊ कान हातात धरून ठेवला. कोकरी अंगणातल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ओरडत राहिली.