पर्सला लागलेली हळद

तेजस्विनीची पर्स नकली आहे, हे चाकणच्या कंपनीत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कंपनीच्या बसने येणारी, कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभी राहणारी बाई इटलीत शिवलेली पर्स कशाला वापरेल? पर्स नेली त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री म्हणाली, "पिंपरीतून घेतलीस ना? सेम टू सेम करतात गं मेले." तेजस्विनी "हो ना" म्हणून मोकळी झाली. मग घरीही तेच सांगावं लागलं. खोटं एकदा बोललं की सगळीकडे सारखंच बोलावं लागतं.

पर्स खरी होती. सीनियर केमिस्ट झाल्यावर तिने एकटीने मुंबईला जाऊन, स्वतःच्या पगारातून घेतलेली. किंमत फक्त नवऱ्याला, ओंकारला ठाऊक होती. त्याने शीळ घातली आणि आईला कळू देऊ नकोस, एवढंच सांगितलं.

तिचे वडील ज्योतीराम लातूरकडून येऊन भोसरीत फिटर झालेले. त्यांचा डबा वर्षानुवर्षं साड्यांच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीतून जायचा, बंद तुटला की दोऱ्याने शिवून. ती पिशवी आठवली की तेजस्विनीला पर्सची किंमत माहेरी सांगवायची नाही. सासर चिखलीतलं जुनं, जमीनवालं. तिथे मिरवण्याचं कुणाला वावडं नव्हतं. सासरे सोनबा गळ्यातली चेन शर्टाच्या वरच ठेवत आणि गाडीचा नंबरही पैसे मोजून घेतलेला. पण सोनं अडीनडीला मोडता येतं, गाडी विकता येते. चामड्याच्या पिशवीला मोड कोण देणार? त्यामुळे माहेरी लाज वाटे ती एका कारणाने आणि सासरी दुसऱ्या.

तरीही ती पर्स तिला मनापासून आवडायची. ती गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पर्सच्या कडांना लावलेला रंग पातळ पातळ थरांनी चढवलेला होता, कुठे फुगवटा नाही, कुठे ओघळ नाही. असं काम किती अवघड असतं ते तिला माहीत होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या कडेवरून अंगठा फिरवत राहायची. कुणी ओळखू नये असं वाटायचं, आणि एकानेही ओळखलं नाही याचा थोडा रागही यायचा.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. तेजस्विनी साडी नेसून गेली आणि पर्स घरी टेबलावर राहिली. प्रयोगशाळेत तिने नेहमीप्रमाणे यंत्राच्या काचेवर कागद चिकटवायला लावला आणि हळदकुंकू त्या कागदावर वाहिलं. पेढा खाऊन दुपारी घरी आली, तर सासूबाईंची, कौशल्याबाईंची पूजा उरकली होती. सोनबांच्या गाडीला झेंडूचा हार होता. कोयता, शिलाई मशीन, ओंकारच्या वर्कशॉपमधलं ड्रिल, त्याचा लॅपटॉप, सगळं ओळीने मांडलेलं. त्या ओळीच्या शेवटी पर्स होती. तिच्या सायीसारख्या रंगाच्या चामड्यावर ओल्या हळदीची पाच बोटं उमटली होती आणि कडीत झेंडूचं फूल खोचलेलं होतं.

"तू कामाला नेतीस ना ती? मग तुझं हत्यारच की ते," कौशल्याबाई कौतुकाने म्हणाल्या. मग सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "डाग पडला व्हय? थांब, साबण लावते."

"साबण नको, आई. साबण लागला की हळद लाल होते."

"झाली तर झाली. पिंपरीतली तर हाय. दसरा झाला की दुसरी आणू तुला."

त्या मोरीत गेल्या आणि कपड्याच्या साबणाची वडी ओली करून घेऊनच आल्या. तेजस्विनीपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसलं तर खोटं टिकत होतं आणि पर्स जात होती. बोललं तर उलटं. तिने पर्स उचलून पोटाशी धरली.

"आई, ती खरी आहे."

"खरी म्हंजी?"

तेजस्विनीने किंमत सांगितली, इतक्या हळू की तिला पुन्हा सांगावी लागली. कौशल्याबाई हातातल्या साबणासकट खुर्चीवर बसल्या. बोटांवरून साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. आता माहेर निघणार, मग सोन्याचा भाव निघणार, असं तेजस्विनीने मनात धरलं होतं.

"एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पगार तुजा. त्याचं न्हाई मी म्हणत. पितळेला सोनं म्हणून मिरवणाऱ्या बाया मी लई बघितल्या, तेजू. सोन्याला पितळ म्हणत फिरणारी तू पहिलीच."

तेजस्विनीने त्यांच्या हातातला साबण काढून घेतला. तिची तयारी वेगळ्या आरोपाची होती.

डाग घालवायचा उपाय तिला माहीत होता. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. प्रयोगशाळेत ती रंगवलेल्या पट्ट्या आठवडेच्या आठवडे प्रखर प्रकाशात ठेवायची आणि रंग उडू नये अशी आशा करायची. इथे आशा उलटी होती, एवढाच फरक. अडचण जागेची होती. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची सावली, उरलेल्या जागेत भाडेकरूंचे कपडे. थेट ऊन यायचं ते रस्त्याकडच्या अंगणात. म्हणजे जी वस्तू ती सहा महिने लपवत होती, ती दसऱ्याच्या दिवशी सगळ्या आळीसमोर मांडायची.

सकाळी कौशल्याबाईंनी पापड वाळवायची खाट बाहेर काढून धुतलेलं धोतर अंथरलं. जास्त उन्हाने चामडं कडक होतं, म्हणून तेजस्विनीने पर्सचे बंद फडक्यात गुंडाळले. पाचापैकी एक बोट तिने कागदाने झाकलं. हा कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. झाकलेलं आणि उघडं शेजारी दिसल्याशिवाय फरक कळत नाही, हे ऐकून त्यांना ते पटलं आणि त्या दर थोड्या वेळाने येऊन कागदाखाली डोकावू लागल्या.

शेजारच्या सुमनताई सोनं द्यायला लवकरच आल्या. आपट्याची पानं हातातच राहिली. खाटेवर पापडांऐवजी पर्स बघून त्या थबकल्या आणि हे काय नवीन, म्हणून विचारू लागल्या. उत्तर कौशल्याबाईंना देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही. पदराने कपाळ पुसत त्या सुनेकडे बघत राहिल्या.

पिंपरीतली आहे, हे शब्द तेजस्विनीच्या ओठांवर सवयीने आलेच होते.

"माझी पर्स आहे, सुमनताई. परदेशी, खरी. माझ्या पगारातून घेतली."

"आन खरी हाय तर वाळत का घातली?"

"हळद लागली तिला," कौशल्याबाई म्हणाल्या.

"लगीन केलंस व्हय पर्सचं? अन् आमाला निमंत्रण न्हाई."

तिघी हसल्या. सुमनताईंनी किंमत विचारली, तेव्हा तेजस्विनीने "भरपूर" एवढंच सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं. आभाळ कोसळलं नाही. भाग्यश्रीलाही सुट्टीनंतर सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. तिला ते पटणार नाही ही गोष्ट वेगळी.

दुपारकडे ऊन चढलं तेव्हा उघडी चार बोटं लिंबाच्या सालीसारखी फिकी झाली होती. कागद उचलला तर खालचं पाचवं अजून पिवळंधमक होतं. कौशल्याबाईंनी ते सोनबांना हाताला धरून आणून दाखवलं, जणू प्रयोग त्यांचाच होता. सोनबांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि बरं आहे, म्हणाले.

सुमनताई तोवर दुसऱ्यांदा आल्या होत्या. एकदा हातात घेऊन बघू का, असं त्यांनी विचारलं. तेजस्विनीने बंदांचं फडकं सोडलं आणि पर्स त्यांच्या खांद्याला लावून दिली. नऊवारी, दंडात वाकी आणि खांद्यावर इटलीची पर्स, अशा त्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या.

"कशी दिसती गं?"

"झ्याक दिसती," कौशल्याबाई म्हणाल्या. "पर लवकर आण. ऊन वाया चाललंय."